व्हिसाची खिडकी आणि अक्काचा फोन

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

तुमच्या धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगांनी. त्यांतले दोन्ही गुडघे हल्ली रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांनी म्हणा.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता, की अजून 'आज बरं वाटतंय, उद्या घेईन' असंच चाललंय? दादाच्या कानातलं यंत्र नीट बसलं का? मागे फोनवर मी त्याला 'कसा आहेस' विचारलं, तर त्यानं 'साडेचार' असं उत्तर दिलं होतं, म्हणून जरा काळजी वाटली. त्याला माझा नमस्कार सांगा, मोठ्यानं सांगा.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही 'मग पुढे काय झालं' असं इतक्यांदा विचारता, की मी घाबरून थेट शेवटच सांगून मोकळा होतो. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, मी जन्मभर सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसून भाकरी खाल्ली. शेवट आधी सांगणं हे आमच्या धंद्यात पाप. म्हणून पत्र.

तर विषय असा, की आम्ही व्हिसा काढायला वकिलातीत गेलो होतो. तुम्ही चष्मा सावरून म्हणाल, भाऊजी, या वयात कुठे निघालात? सांगतो. हिची थोरली बहीण, आपली अक्का, परदेशात लेकाकडे असते हे तुम्ही जाणताच. दोघी बहिणींमध्ये काय झालं होतं तेही जाणता, कारण तुम्ही त्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत बसला होता. माझ्या सासूबाई, या दोघींची आई, आमच्याकडे असताना गेल्या, त्याच आठवड्यातली गोष्ट. अक्का विमानानं आली, दारातून आत पाऊल टाकलं आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधी चारचौघांत हिला म्हणाली, "नर्स ना तू? परक्यांना वाचवतेस, आणि आईकडे बघता आलं नाही?" हिनं अक्कासमोर ठेवलेला पाण्याचा पेला उचलला आणि आत नेला. बस्स. आदळआपट नाही, रडारड नाही, एक पेला आत गेला. त्यानंतर दोघींत अबोला पडला तो पडलाच. जिला सगळं हॉस्पिटल 'सिस्टर, सिस्टर' म्हणून हाका मारायचं, तिला सख्ख्या सिस्टरनं वर्षानुवर्षं हाक मारली नाही. (हा विनोद मी एकदा हिच्यासमोर केला होता. त्या दिवशी मला पान वाढलेलं नव्हतं.)

मग गेल्या वर्षी अक्काच्या लेकाचा फोन आला. आईला विसरायला होतंय म्हणाला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराची वाट, मग नातवाचं नाव. डॉक्टर म्हणतात, हे असंच वाढत जाणार. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी अक्काचाच फोन आला. मी उचलला. "धाकटी आहे का रे?" असं तिनं इतक्या सहज विचारलं, जणू कालच संध्याकाळी बोलून फोन ठेवला होता. मी फोन हिच्या हातात दिला आणि खोलीबाहेर पडलो. (शूर माणसाला कुठे थांबू नये हे नेमकं कळतं.) तेव्हापासून अक्का अधूनमधून सकाळी फोन करते. ही दार लोटून घेऊन बोलते, बाहेर येते आणि कामाला लागते. मी मनात म्हटलं, मिटलं एकदाचं. मी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. आमचा संसार बराचसा याच पद्धतीनं सुरळीत चालला आहे. आणि एक दिवस भाजी चिरता चिरता ही म्हणाली, "मला अक्काकडे जाऊन यायचंय." मी म्हटलं, "आपण दोघं जाऊ." एकटी पाठवायची म्हणजे काय? ही इतक्या लांब कधी एकटी गेलेली नाही, आणि मी घरात कधी एकटा राहिलेलो नाही. (दुसरं कारण तेव्हा बोललो नव्हतो.)

पुढचे महिनाभराचे हाल लिहीत नाही. फक्त फोटोचं सांगतो. फोटोत हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्मा नको, अशा अटी. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत. ते न दिसण्याचा प्रश्न येत नाही. पण चष्मा काढल्यावर मला फोटोग्राफर दिसेना, त्यामुळे मी त्याच्या दिव्यावरच्या छत्रीकडे बघत बसलो. फोटो हातात आला तेव्हा ही बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "या माणसाला मीसुद्धा देशात घेतलं नसतं."

आम्हाला दिलेली वेळ चांगली उन्हं वर आल्यानंतरची होती. मी म्हटलं, उजाडताना निघायचं. ही म्हणाली, "वकिलातीचं कुलूप काढायला आपल्याला बोलावलंय का?" पण वहिनी, रांग या विषयात मला कुणी शिकवू नये. सगळी नोकरी मी रांगेच्या तोंडाशी बसून काढली. नवा सिनेमा लागला की लोक कसे येतात, कुठे उभे राहतात, कोण घुसतो, कोण घुसल्यासारखं न दाखवता घुसतो, सगळं मी जाळीतून पाहिलंय. उशिरा आलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मला पक्कं ठाऊक आहे. तो चेहरा मला स्वतःवर चढवायचा नव्हता. म्हणून आम्ही रस्त्यावरचे दिवे विझायच्या आत तिथे हजर.

जागा म्हणजे काय, तर एक लांबलचक उंच भिंत, वर तारांची वेटोळी, मधे लोखंडी दार, आणि दारापाशी खुर्ची टाकून बसलेला एक पहारेकरी. समोरच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. आत फोन, पिशव्या, पाण्याची बाटली काहीच नेऊ देत नाहीत, म्हणून ते सगळं त्या दुकानात ठेवायचं. मी मोठ्या ऐटीत भिंतीकडे गेलो, की आपला पहिला नंबर. तर तिथे एक गृहस्थ आधीच उभे. उंच, सडसडीत, बगलेत जाडजूड फाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही भिंत त्यांनीच बांधून घेतली. त्यांना याआधी कितीतरी वेळा नकार मिळालेला होता. त्यामुळे व्हिसा कसा मिळवावा याचं त्यांना संपूर्ण ज्ञान होतं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव अनुभवी असं ठेवलं.

अनुभवींनी आम्हाला ताबडतोब पदरात घेतलं. म्हणाले, आत गेल्यावर हसू नका, हसणाऱ्याचा संशय येतो. मी गंभीर चेहरा केला. म्हणाले, इतकंही गंभीर नको, काहीतरी लपवताय असं वाटतं. विचारल्याशिवाय बोलू नका, पण विचारल्यावर अडखळू नका. पाठ केल्यासारखं बोलू नका, पण पाठ करून या. मग त्यांनी विचारलं, कशासाठी जाताय? ही म्हणाली, बहीण आजारी आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, आजाराचं नाव काढू नका! तिला सांभाळायला म्हणून तुम्ही तिथेच राहाल असं त्यांना वाटतं. सरळ सांगा, देश बघायला चाललोय." मला ते एकदम पटलं. मला दुसऱ्याचं एकदम पटतं हे तुम्ही नेहमी म्हणताच. मी लगेच तिथल्या तिथे, भिंतीला टेकून, काय काय बघायला चाललोय त्याची उजळणी सुरू केली. दवाखान्यात टांगलेल्या एका कॅलेंडरवर मी परदेशातली चित्रं पाहिली होती, त्यांतला एक पिवळा राजवाडा आणि त्याच्यापुढचं तळं मी पक्कं केलं. ही गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटतं तिला पटलं. इतक्या वर्षांत हा गैरसमज काही जात नाही.

आमच्या मागे एक नवी नवरी येऊन उभी राहिली. लग्न होऊन नवरा आधीच तिकडे गेलेला, आणि ही आता त्याच्याकडे निघालेली. ती पुटपुटत काहीतरी पाठ करत होती. अनुभवींनी तिचीही परीक्षा घेतली. "नवऱ्याला काय आवडतं खायला, असं विचारतात हं," म्हणाले. ती पोरगी पांढरी पडली. "मला नाही माहीत," म्हणाली, "आम्ही दोनदाच बाहेर जेवलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला जे आवडतं तेच मागवलं." हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मग हेच सांग. यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं असणार?" (मी हिला काय आवडतं ते आठवायचा प्रयत्न केला. दोन पदार्थ आठवले. त्यांतला एक मला आवडतो.)

रांग वाढत गेली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. रांगेत उभं राहणं ही गोष्ट मला खरं तर नवीन होती. खिडकीच्या आतून रांग म्हणजे एकामागून एक येणारे हात आणि चेहरे. एक गेला की दुसरा. बाहेरून ती फार वेगळी असते. पुढच्या माणसाची मान, त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण, मागचीचं पुटपुटणं. इतका वेळ एवढ्या जवळ उभं राहिल्यावर परकं कुणी परकं राहत नाही. मी आत बसून उगाच समजत होतो, की रांगेचं मला सगळं कळतं.

दार उघडायची वेळ झाली तसे सगळे आपापले फोन समोरच्या दुकानात ठेवायला निघाले. हिनं पिशवीतून फोन काढला, दुकानदारानं हात पुढे केला, आणि नेमका तेव्हाच तो वाजला. अक्का. ही दोन पावलं बाजूला सरकली. इथे लोटायला दार नव्हतं वहिनी, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी ते बोलणं ऐकलं.

"हो अक्का... हो, बरी आहे... झोपलीय आत्ता. नाही गं, ताप नाही. जेवली थोडंसं. हो, औषध दिलं मी... बरं. बरं, उठली की सांगते तुझा फोन आला होता."

फोन बंद झाला. मी विचारलं, "कोण झोपलंय?"

"आई," ही म्हणाली.

"कुणाची आई?"

"आमची."

मग त्या झेरॉक्सच्या दुकानापाशी, एका बाजूला यंत्र खडखडत असताना, हिनं मला सांगितलं. अक्काला आई गेल्याचं आठवतच नाही. पहिल्या फोनपासून तिचा एकच प्रश्न, आई कशी आहे? "पहिल्यांदा मी खरं सांगितलं," ही म्हणाली. "तर ती आत्ताच कळल्यासारखी हंबरडा फोडून रडली. पुढच्या फोनला पुन्हा विचारलं, आई कशी आहे? आता दर वेळी तिची आई नव्यानं मारायची का मी? म्हणून सांगते, झोपलीय."

मी यंत्राच्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिलो.

"आणि माहितेय, मग ती काय म्हणते? म्हणते, तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे. माझ्याच्यानं नसतं झालं एवढं." ही म्हणाली. "हेच वाक्य मला तेव्हा हवं होतं. आता प्रत्येक फोनला मिळतंय, आणि बोलणारीला पत्ताच नाही. भांडण दोघींचं होतं ना? ती एकटी विसरून मोकळी झाली. आता ते सगळं मी एकटीनं सांभाळत बसू?"

मी खिशातला रुमाल काढून दिला. तो चष्मा पुसायचा निघाला, तळहाताएवढा. हिनं त्यानंच डोळे पुसले, फोन दुकानात दिला, आणि म्हणाली, "चला, रांग हलली."

दाराशी पहारेकरी प्रत्येकाचा कागद बघून आत सोडत होता. पहिला नंबर अर्थातच अनुभवींचा. त्यांनी फाइल उघडून कागद असा काही पुढे केला, की मीसुद्धा मान ताठ केली. पहारेकऱ्यानं कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमची तारीख उद्याची आहे." रांगेत अशी शांतता पसरली, की भिंतीवरच्या चिमण्या ऐकू आल्या. अनुभवींनी कागद परत घेतला, घडी घातली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "म्हणूनच लवकर आलो होतो." आणि बाजूला होऊन त्यांनी आम्हाला वाट करून दिली. वहिनी, राजेराजवाड्यांकडे नसेल असा तो रुबाब होता. मी त्यांना मनोमन हात जोडले. त्यांचा सल्ला तेवढा सोबत घेऊन गेलो, तो नेला नसता तर बरं झालं असतं.

आत एक थंडगार मोठी खोली, ओळीनं बांधलेल्या खुर्च्या, आणि समोर खिडक्या. काचेच्या. काचेत बोलायला बारीक भोकं. ती पाहून मला गहिवरून आलं. माझ्या खिडकीला जाळी होती, आणि खाली हात घालायला अर्धगोल फट. मी कितीतरी वेळ ती काच, तिची लाकडी कड, माणसाच्या कोपरांनी तिथे पडलेली झिलई बघत बसलो. ही म्हणाली, "अहो, आपला आकडा लागला."

काचेपलीकडे एक तरुण अधिकारी, तुमच्या लेकाच्या वयाचा. दाढी करताना हनुवटीवर कापलेलं, त्यावर कापसाचा ठिपका. शेजारी दुभाषी बाई. ते त्यांच्या भाषेत विचारणार, ती आमच्या भाषेत. आम्ही आमच्या भाषेत सांगणार, ती त्यांच्या. आधी मला विचारलं, कशासाठी जाताय?

मी सुरुवात केली. लहानपणापासून मला त्या देशाबद्दल कशी ओढ आहे, तिथली संस्कृती, तिथली शिस्त, तिथली झाडं, पिवळा राजवाडा, त्याच्यापुढचं तळं, तळ्यातली बदकं. (बदकं कॅलेंडरवर नव्हती, ओघात आली.) मी हसलो नाही आणि फार गंभीरही झालो नाही. बोलून झाल्यावर दुभाषी बाई साहेबाकडे वळली आणि दोन शब्दांत तिनं आटोपतं घेतलं. माझी झाडं, शिस्त, बदकं, सगळं दोन शब्दांत! साहेबानं कापूस चाचपला आणि काहीतरी विचारलं. बाई मला म्हणाली, "तो राजवाडा शेजारच्या देशात आहे असं साहेब म्हणतात."

मी म्हटलं, "तेवढंही जाऊन येऊ."

मग हिला विचारलं. ही काचेजवळ गेली. अनुभवींनी काय बजावलं होतं ते हिनं ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकून झेरॉक्सच्या दुकानात ठेवलं होतं. ही म्हणाली, "माझ्या थोरल्या बहिणीला सगळं विसरायला होतंय. मी तिला अजून आठवते. तोवर भेटून यायचंय."

बाई वळली आणि सांगू लागली, आणि सांगतच राहिली. हिची तीन वाक्यं, पण बाईचं संपेना. मधे एकदा थांबली, पेन खाली ठेवलं, पुन्हा सांगू लागली. तिनं काय घातलं त्यात, देव जाणे. कदाचित तिचीही एखादी बहीण असेल. साहेबानं माझ्याकडे न बघता हिला एक प्रश्न विचारला. बाई म्हणाली, "परत कधी येणार?"

"ती मला 'तुम्ही कोण' म्हणाली, की येईन," ही म्हणाली. "मग तिथे थांबून काय करू?"

साहेबानं हिचा पासपोर्ट उचलून आपल्या बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. माझा उचलला आणि खालच्या फटीतून माझ्याकडे सरकवला. दुभाषी बाई मला म्हणाली, "क्षमा करा, तुमचा या वेळी होऊ शकत नाही." वहिनी, काय सांगू, स्वर अगदी बरोबर लागला होता. मऊ, पण पुढे बोलायला जागा न ठेवणारा. खिडकीतून 'सगळी तिकिटं संपली' म्हणायचा हाच स्वर. मला कमवायला वर्षं लागली होती, तिनं सहज लावला. त्या अवस्थेतही मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "आभारी आहे," आणि पासपोर्ट घ्यायला वाकलो. वाकल्यावर गुडघा अडला. मागचा माणूस मला उठवायला धावला. त्याला वाटलं, मी साहेबाच्या पाया पडतोय.

बाहेर आलो. ती नवी नवरी आमच्या आधीच सुटली होती आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "असू दे पोरी, माझाही नाही झाला." ती हुंदके देत म्हणाली, "माझा झाला काका! आता खरंच जावं लागणार!" ही तिच्याशेजारी बसली. मी दुसऱ्या बाजूला बसलो. अनुभवीही अजून तिथेच होते. उद्याच्या तयारीसाठी आजचे निकाल ऐकायला थांबलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि एक शब्द न बोलता आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी मनात म्हटलं, या माणसाला व्हिसा मिळो न मिळो, नकार मिळालेल्या माणसाशी कसं वागावं हे त्याला येतं.

नवरीला न्यायला तिचा भाऊ आला. ती गेल्यावर ही म्हणाली, "मी एकटी जाणार नाही."

मी म्हटलं, "का?"

"तुम्हाला गॅस पेटवता येत नाही."

"येतो."

"पेटवता येतो. बंद करायचं लक्षात राहत नाही."

मी म्हटलं, अगं, विसरायचं काम सध्या अक्का करतेय, मी दक्ष आहे. ही हसली नाही. मग मी तिला नीट सांगितलं. म्हटलं, आपण दोघं गेलो असतो तर मी तिथे काय केलं असतं? दोघी बोलत बसला असतात आणि मी मधे मधे चहा मागितला असता. तू जा. अक्काजवळ बस. फोनवर जे ऐकतेस ते एकदा तिच्या तोंडून समोर बसून ऐक. तिला ठाऊक नसेल कशाबद्दल म्हणतेय, पण तुला ठाऊक आहे ना? आणि तुला जे म्हणायचंय तेही म्हणून घे. भांडायचं असेल तर भांड. ती उद्या विसरेल, तुझं मात्र एकदाचं बोलून होईल. जा, खुशाल जा, मागचा विचार करू नकोस.

हिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "उशीर नको करायला. तिला नातवाचं नाव आठवत नाहीये." एवढं बोलून चालू लागली. त्याच संध्याकाळी अक्काच्या लेकाला कळवलं, आणि आता येत्या महिन्यात ही निघणार. विमान कसं बदलायचं, कुठे काय विचारायचं, हे ती आरशासमोर उभी राहून म्हणत असते. परवा म्हणाली, "हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड सांभाळला, एक विमान काय चीज आहे?" आणि मग बॅगेची चेन तीनदा उघडून पाहिली.

माझी काळजी करू नका. मी अगदी मजेत राहीन. एकटं राहण्याची मला मुळीच भीती नाही. उलट वाचन करायचं, संध्याकाळी फिरायला जायचं, लवकर झोपायचं, असा बेत पक्का केला आहे. माणसानं कधीतरी स्वतःसोबतही राहून पाहावं असं मला नेहमीच वाटत आलं आहे.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्ही गोळ्या घ्या.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
धाकटा दीर

ता. क. – तुमच्याकडची मागची खोली सध्या रिकामी आहे का? ही ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी दुपारी मी तुमच्याकडे पोचतो. वाचन वगैरे तिथेही होईल. जेवणाचं माझं काही नाही, तुम्ही जे कराल ते. उशी तेवढी जरा उंच लागते.

ता. क. – वहिनी, नमस्कार. मी लिहितेय. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं असं मी समजते. बहुतेक खरं आहे. पायरीवर बसून 'खुशाल जा' म्हणाले हेही खरं. पण माझी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले. सोडवून घ्यायला मला जोर लावावा लागला. त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या, आणि आल्या आल्या काहीतरी काम द्या, नाहीतर तुमच्या मागे मागे फिरतील.

मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. फोनवर 'आई झोपलीय' म्हणून भागतं. तिथे अक्का समोर बसून विचारणार. माझ्या डोळ्यांत बघून विचारणार. मी हॉस्पिटलात कितीतरी लोकांना सांगितलंय, दरवाजाबाहेर उभं राहून, हात धरून. पण बहिणीला कसं सांगायचं, आणि सांगायचं का, हे मला येत नाही. आई तुमच्याकडेही राहिली होती. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे बसला होता. मी निघायच्या आधी कळवाल का, की तुम्ही काय सांगितलं असतं?

ता. क. – पाकीट मी पुन्हा उघडलं आहे. वरचं मी वाचलेलं नाही असं तिला वाटू द्या, आणि उत्तर तिच्याच नावानं पाठवा.

आणि वहिनी, खिडकीत मला विचारलं, कशासाठी जाताय, त्याचं खरं उत्तर मला आत्ता हे वाचताना सुचलं. ही आईच्या उशाशी कशी बसायची, रात्रपाळी करून आल्यावर आधी तिची कूस बदलायची आणि मग स्वतःचे हातपाय धुवायची, हे पाहणारा घरात मी एकटा होतो. अक्कासमोर बसून तिला एकदा सांगायचं होतं, की धाकटीनं बघितलं हो आईकडे, फार नीट बघितलं, मी होतो तिथे. अक्का विसरली असती तरी चाललं असतं. हिच्यादेखत कुणीतरी ते म्हणायला हवं होतं, आणि मी आजवर म्हटलेलं नाही. आता मला तिथे जाता येणार नाही. तुम्हीही येता-जाता थोडंफार पाहिलं होतंत. तेव्हा हिला पाठवाल त्या पत्रात तेवढं तुम्ही लिहा. ती अक्काला वाचून दाखवील.